लंकेसाठी घेतलेले मोजे

सौंसर, बुधवार, जुलै १९८३

मायला कसं सांगू, हेच रस्ताभर डोक्यात. लंकेची यात्रा रद्द. नागपूरच्या भंतेजींचा निरोप बसस्टँडवरच मिळाला. तिकडे दंगल पेटली आहे, घरं जळून राहिली आहेत.

घरी आलो तर माय पांढरे मोजे वाळत घालत होती. भंतेजींनीच बजावलं होतं, पाणी उकळून प्या, छत्री ठेवा, विहारात चप्पल काढावी लागते आणि वाळू फार तापते, म्हणून मोजे घ्या. जन्मभर अनवाणी कापूस वेचलेली बाई. आणल्यापासून रोज धुते. कशाला? अजून एकदाही घातले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, मायचं पुढचं वर्ष धरू नका. तिलाही ठाऊक आहे. मूळ बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला तिथला बोधिवृक्ष पाहायचा, एवढंच मागितलं होतं तिनं.

शेवटी सांगून टाकलं. रडली नाही.

"बुद्धाच्या देशात लोकाइचे घरं जाळून राहिले?"

"होय, माय."

बातम्या लागल्या. मी रेडिओ बंद करायला उठलो.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या घरातल्या लेकराइचं काय झालं, आयकू दे मले."

बातम्या संपल्या. लेकरांचं कोणी काही सांगितलं नाही.