काहून, हे विचारायचं नाही

११ जाने. २००४, रवि.
दिलीपच्या माडीवर गोष्टीचा खेळ मांडला. गोष्ट मी चालवतो; दि., त्याची बायको सुनीतावहिनी आणि संतोष त्यातली माणसं होतात. पुढचं फासे ठरवतात. पुण्याच्या मावसभावाने फासे आणि नियमांची झेरॉक्स दिली, तेव्हापासून एक रविवार चुकला नाही.
आज जंगलात वाटमारी. फासा दि.चा मोठा पडला, म्हणून लुटारू कोण ते त्याने सांगायचं. म्हणाला, "तांड्यावरचे असतील, दुसरं कोन?"
संतोष तांड्यावरचा. दि. त्याच्या घरी दिवाळीला जेवलाय.
वहिनी चहा टाकायला उठल्या. संतोषने आपल्या पात्राचा कागद घडी करून खिशात घातला. "गोरेगावची जीप सुटंल." जीपला अजून बराच वेळ होता.

१३, मंगळ.
दि. मोंढ्याच्या बाजारात भेटला. "खेळ हाय राव. राक्षस मारतो, तवा राक्षसाला वाईट वाटतं का?"
म्हटलं, राक्षस गोरेगावहून जीपने येत नाही. फुगला.

१८, रवि.
तिघंच. रंगलं नाही. वहिनी दि.ला म्हणाल्या, "चुकलं म्हनायला जीभ झिजते का तुमची?" संतोष गेला तर खेळ संपला. तिघांत जमत नाही. आणि खरं म्हणजे मला हा खेळ हवाय.

२२, गुरु.
गोरेगाव. संतोष मास्तर आहे त्या शाळेत, मधल्या सुट्टीत. मास्तर पोरांची भांडणं सोडवत होते.
"गावात चोरी झाली की आमी. यष्टीत पाकीट गेलं की आमी. रविवारी तलवार घेऊन फिरतो, तिथंबी आमीच?"
शेवटी नियम ठरवला. नको वाटलं की टेबलावर पालथा पंजा ठेवायचा. गोष्ट तिथेच थांबेल. काहून, हे कुणी विचारायचं नाही.
"बराबर," म्हणाला. पण पुढची गोष्ट तो चालवणार.

२५, रवि.
आला! दि. "चुकलं माझं" म्हणाला, चिवड्याच्या ताटलीकडे बघून. चालतं.
संतोषची गोष्ट झकास. हळदीचा बाजार, वजनात काटा मारणारा अडत्या, त्याला पकडायचं. वहिनी तर पेटल्याच.
दि.चे वडील अडते.
दि.ने पंजा ठेवला.
संतोष म्हणाला, "काहून?"
म्हटलं, "संत्या, विचारायचं न्हाई."
"नियम माझ्यापायी केलता ना?"
"सगळ्यांसाठी."
"मंग चोर कोन करायचा? तूच सांग."
मला दोघांचाही राग आला, आणि दोघंही बरोबर वाटले. दि.चा पंजा तसाच. संतोषने फासे गोळा केले आणि जिना उतरला.

२६, सोम.
झेंडावंदन. दुपारी झोपलो. दि.चा फोन: "मी खरंच ठेवला होता रे हात. उगं न्हाई." मी विचारलं नव्हतं.
फासे संतोषच्या खिशात गेलेत. माझ्याकडे दुसरे नाहीत.