फक्त दोन शिल्लक

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

बाबा, इतकी वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, रागावू नका. वर्षश्राद्धाला पान वाढते, फोटोला हार घालते, पण बोलणं होत नाही. आज बोलायला बसले तेही तुमच्यावर संशय आला म्हणून.

मी हल्ली घरी बसून काम करते. बायकांचे कपडे इंटरनेटवर विकणाऱ्या एका कंपनीची पानं मांडते. फोटो कुठे, किंमत कुठे, बटण कुठल्या रंगाचं. तुमच्या साड्यांच्या दुकानातली गादी आणि शोकेस दोन्ही माझ्याकडे आल्यासारखं आहे, फक्त गिऱ्हाईक दिसत नाही. गेल्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं (वयाने माझ्याहून बरेच लहान, पण साहेबच), प्रत्येक कुर्त्याखाली लाल अक्षरांत ओळ हवी, 'फक्त २ शिल्लक'. मी विचारलं, हा आकडा गोदामातून येणार ना? "येईल हो ताई, आपोआप येईल. तुम्ही रंग बघा." हे 'आपोआप' मला खटकलं. चाचणी म्हणून काही कुर्त्यांवर ती ओळ आधीच सुरू झाली होती. त्यातला एक निळा कुर्ता निवडून मी दोन नग स्वतःच मागवले आणि पान पुन्हा उघडलं. फक्त २ शिल्लक. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या फोनवर पाहिलं, तेच. साहेबांना सांगितलं तर हसले. "ताई, सिस्टीम स्लो आहे. तुम्ही आधी पोलिसात होता काय?"

खरंच स्लो असेल. त्यांना पकडायचंच म्हणून मी तसं बघतेय, असंही असेल. पण सोमवारी सेल सुरू होतोय, सगळ्या पानांवर ती ओळ जाणार आणि ती टाकणार मी. नाही टाकली तर काम दुसऱ्या कोणाकडे जाईल, हे कोणी न सांगताही कळतं.

तेव्हापासून तुमचं दुकान डोळ्यांपुढून हलत नाही. वसईच्या बाजारातली ती अरुंद जागा, गादीच्या टोकाला गृहपाठ करत बसलेली मी. तुम्ही साडी झटकन उलगडता, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवता आणि आवाज जरा खाली आणून म्हणता, "हा शेवटचा पीस आहे बरं का." बाई साडी घेते, पायरी उतरून जाते. मग तुम्ही शिडी लावून माळ्यावर चढता आणि नवा पुडा खाली आणता. हाताखाली माणूस असताना माळ्यावर तुम्हीच का जायचा? पुड्यात तीच साडी असायची की दुसरी? मी कधी मान वर करून पाहिलंच नाही. कळंबची एक मासेवाली मात्र पाहायची. एकदा भर दुकानात म्हणाली, "शेट, गेल्या शिमग्याला पन तुमचा शेवटचाच पीस होता. सरत नाय का कदी तो?" सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "मावशींना चहा सांगा रे." तिने चहा घेतला आणि साडीही घेतली.

पण मग गिरीजची ती बाई आठवते. मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला एकटीच आलेली, भीत भीत कापडाला हात लावणारी. तिला तुम्ही म्हणालात, "घाई करू नका वहिनी. मुलीला घेऊन या, तिच्या मनाला येऊ दे. तोवर बाजूला ठेवतो." ती साडी कितीतरी दिवस फळीवर कागदात गुंडाळलेली होती, तुम्ही दुसऱ्या कोणाला दाखवली नाहीत. असा माणूस खोटं बोलेल? की हीसुद्धा गिऱ्हाईक बांधून ठेवायची रीत? बघा, तुमच्या चांगुलपणाचीही मी उलटतपासणी घ्यायला लागले.

आईला माहीत असणार. दुपारी तुम्ही जेवायला आलात की दुकान तीच सांभाळायची. आत्ता ती आतल्या खोलीत शेंगा सोलत बसलीय, जागीच आहे. दोनदा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तुम्ही खोटे निघाल या भीतीने परतले, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगू? तुम्ही खोटे निघावं असं मला वाटतंय, बाबा. म्हणजे ती लाल ओळ आपल्या घरचीच ठरेल आणि सोमवारी मला ती टाकणं जड जाणार नाही.

हे तुम्ही समोर असता तर माझ्या तोंडून निघालं नसतं.

उद्या: आईला विचारण्याआधी कुर्त्यांखालची ती लाल ओळ काढून टाकणे.