सतरा नंबरचा धुतलेला डबा

मी, श्रीमती कमल रामदास घाडीगावकर, वय वर्षं त्र्याहत्तर, गावच्या शाळेत चौथी पास, राहणार डिलाईल रोड, खोली नंबर एकतीस, हे मृत्युपत्र कुणी सांगितलं म्हणून नाय, घाबरून नाय, रागाच्या भरात तर नायच, माझ्या मर्जीने करते. पोटात गाठ आहे. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणाला. डोकं मात्र शाबूत आहे. खात्री करायची तर सुनेला विचारा, तिला त्याचाच त्रास आहे.

मी सांगते आणि माझी नात मानसी लिहिते. ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. तिला ताकीद दिली आहे, मी बोलेन तसंच उतरवायचं आणि मध्ये पेन ठेवायचं नाय. परवा रविवारी तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा वैभव, विरारहून येईल तेव्हा हे त्याच्यासमोर वाचायचं. मेल्यावर वाचलेलं मला ऐकू येणार नाय.

कलम १. मागची हकीकत. नवरा गिरणीत साचेखात्यात मागावर होता. गिरणी बंद पडली, दोन वर्षांत तोही गेला. खानावळ मी आधीच घातली होती. पहिल्यांदा गिरणीवाले जेवायचे. ते गावी गेले, मग शिकायला आलेली पोरं जेवायला लागली. तीस वर्षं पोरांना वाढलं. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव मला सांगता येणार नाय, पण कोण पास होणार ते ताटावरून ओळखायची. असं मी समजत होते.

कलम २. पाटा-वरवंटा सून प्रिती हिला. ती दहा वर्षं म्हणते, आई, हा दगड टाकून द्या. आता तिचा आहे, तिने टाकावा. तीन मजले खाली न्यायचा आहे आणि लिफ्ट नाय.

कलम ३. लोखंडी पेटी मानसीला, कागद ठेवायला. प्रत्येक पावतीची, मार्कशीटची झेरॉक्स काढायची, मूळ कागद हातचा सोडायचा नाय. माझ्याकडच्या एकाने सोडला, दोन वर्षं शोधत होता. कॉलेजच्या ऑफिसात खिडकी उघडताना जायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर तिथला माणूस कुणाचाच नसतो. वर्गात पुढच्या बाकावर बसायचं, हुशार दिसायला नाय, मास्तरला तोंड ओळखीचं व्हावं म्हणून. जर्नल दुसऱ्याचं उतरवायचंच झालं तर त्याच्या चुका तरी उतरवू नयेत.

कलम ४. गजराचं घड्याळ पण तिलाच. परीक्षेच्या आधी झोपायचं. एक पोरगा चार दिवस चहावर जागला आणि पेपरावर नंबर घालून तिथेच झोपला. उत्तरं सगळी येत होती म्हणे.

कलम ५. फडताळात एकटा ठेवलेला सतरा नंबरचा डबा. हे लांब आहे बाय, हात दुखला तर झटक आणि लिही.

खानावळीची रीत अशी, की पोरांनी डबा न्यायचा आणि खरकटाच परत आणायचा. धुणं आमच्याकडे, सगळे डबे एकाच मोरीत. शहाण्णव साली महाडकडचा राजरत्न कासारे सतरा नंबरचा डबा न्यायचा. बौद्ध घरातला, बी.एस्सी.ला, तोंडावर कायम हसू. पावसाळा संपता संपता त्याचा डबा धुऊन यायला लागला. चकचकीत. मी बाकीच्यांना टोमणे मारायची, बघा रे, ह्याला आईने वळण लावलंय. ते तोंडाने. मनात होतं, की आपण कोण ते ओळखून हा धुतो. आणि मला ते बरं वाटलं. मी खानावळीत कुणाला जात विचारत नाय म्हणून चाळभर मिरवायची, आणि मला ते बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं हे कुणाला बोलले नाय. मानसी, खोडू नकोस.

फेब्रुवारीत तो परळच्या सरकारी इस्पितळात वारला. टीबी. मग त्याच्या खोलीत राहणाऱ्या दौलतने सांगितलं. राजरत्नने शेवटी त्याला सगळं बोलून दाखवलं होतं. दोन पेपर गेलेले, घरी कसं कळवायचं म्हणून गप्प. खोकला लागला, खोलीवरची पोरं हाकलतील म्हणून गप्प. घास उतरत नव्हता, जेवण गटारात टाकायचा. आणि डबा उकळत्या पाण्याने धुवायचा, कारण माझ्या मोरीतून बाकीच्या पोरांना रोग लागू नये.

त्याने धुतला तो आमच्यासाठी. मी एकच विचारायचं होतं, बाबा, जेवतोस काय? विचारलं नाय, कारण डबा का धुतो ते मला ठाऊकच आहे असं मी धरून चालले होते.

हा डबा दौलतने महाडला राजरत्नच्या बहिणीकडे पोचवावा आणि हे कलम तिला पुरं वाचून दाखवावं. माझी बाजू सावरायची नाय. ती काय म्हणेल ते ऐकून यावं.

कलम ६. मानसीचा डबा दिवाळीपासून धुऊन येतो.

इथे तिने पेन ठेवलं. "आजी, हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटलं, "मृत्युपत्र माझं, मी काय पण घालीन. हे पण लिही."

तर मी एक खोडी केली. मंगळवारी डब्यात भाजी घातलीच नाय, नुसते कच्चे चणे घातले. संध्याकाळी विचारलं, भाजी कशी होती गो? म्हणाली, झकास, जरा तिखट होती. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तिच्या मागे गेले. चिंचपोकळीच्या पुलाजवळ फुलं विकणाऱ्या म्हातारीला तिने डबा दिला आणि कॉलेज सोडून बागेत जाऊन बसली. म्हातारीला वाटलं मी गिऱ्हाईक. कौतुकाने सांगायला लागली, "पोरगी गुणी हाय, रोज जेवान देते, मी डबा धुऊन ठेवते. कालचे चणे मात्र दातानं फुटंनात." तिथे मी हसले. घरी आले आणि फडताळ उघडून सतरा नंबर बघितला.

बापाने सगळे विषय निघाले म्हणून चाळीत पेढे वाटलेत. चार विषयांपर्यंत राहिले तर पुढच्या वर्गात बसवतात म्हणे, चाराच्या वर गेले तर वर्ष जातं. मी कॉलेजात चौकशी केली नाय, करणार नाय. लिही: मानसीचे ________ विषय राहिले आहेत. जागा मोकळी सोड. माझी सही झाल्यावर तू भर. खोटं भरायचं तर भर, ह्या कागदात तेवढंच एक खोटं राहील.

वैभव, तुला सांगते. नापास झालेली पोरं मी पुष्कळ बघितली. त्यांची लग्नं झाली, पोटं सुटली, गणपतीला भेटायला येतात. जो बोलला नाय त्याचा डबा माझ्या फडताळात आहे.

कलम ७. खोली नंबर एकतीस. मानसी पास होवो, नापास होवो, कॉलेज सोडून हिंदमाताला साड्या विको, तिला हवं तोवर ती इथे राहील. चाळ पाडून टॉवर झाला तरी हेच. ती आपणहून निघाली तरच खोली वैभवची. अट एकच. जेवली नाय त्या दिवशी डबा कुणाला द्यायचा नाय. भरलेला घरी आणायचा आणि दारामागच्या फळीवर ठेवायचा. मी असेपर्यंत मी बघीन. नंतर वैभवने रोज फोन करून विचारायचं, फळीवर काय आहे. ओरडायचं नाय. गाडी पकडून यायचं आणि तिला वाढायचं.

कलम ८. माझ्या बाराव्याला केटरर सांगू नये. मला त्यांची डाळ ठाऊक आहे.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मला कळलं, मग सही केली. अंगठा नाय, सही.

कमल रामदास घाडीगावकर

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत कमलताईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. दौलत गणपत मोरे, लालबाग
२. इरावती दत्ताराम परब, खोली नंबर एकोणतीस

ठिकाण: डिलाईल रोड, मुंबई
दिनांक: १७ जानेवारी २०२५, शुक्रवार

लेखनिक: मानसी वैभव घाडीगावकर. आजीने सांगितलं तसं लिहिलं. काही खोडलं नाही. कलम ६ मधल्या जागेत सहा लिहिलं आहे. आजचा डबा फळीवर आहे, भरलेला.