अटुलेबंदी आणि माझं नाक

आदरणीय लालोईताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा रक्तदाब आणि ऑकलंडची थंडी यांपैकी काय कमी झालं ते कळव. इथे सगळे धडधाकट आहेत. फक्त माझ्याशी कुणी बोलत नाही.

खडकावर चढलेल्या जहाजाचं तेल उपसून दोन महिने झाले. किनारा दिसायला स्वच्छ आहे. मंगळवारी अटुले मासे खाडीत शिरले (वर्षातून एकदाच, पंधरा दिवसांसाठी, मासेमारीबंदीचं पत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं). बंदी उठायची तर शिजवलेल्या माशाला तेलाचा वास नाही, असं प्रशिक्षित नाकाने लिहून द्यावं लागतं. मत्स्यखात्यात अशी नाकं दोन. एक बाळंतपणाच्या रजेवर आहे. दुसरं माझं.

चाचणी गुरुवारी चर्चच्या सभागृहात झाली. बारा बरण्या, प्रत्येकीत वाफवलेला एक तुकडा, आणि पाठीमागे अख्खं गाव. परीक्षकाजवळ कुणी बोलू नये असा नियम आहे (तो मी भिंतीवर लावला होता, फेतुई आत्या त्यालाच टेकून उभी होती). "एवढी सरकारी खर्चाने शिकली, आणि करते काय, तर आमचं मांजर फुकट करतं तेच," ती म्हणाली. मी बारा वेळा हुंगलं आणि 'निष्कर्ष अनिश्चित' असं लिहिलं. अनिश्चित म्हणजे बंदी आणखी एक महिना. तोवर मासे निघून गेलेले असतील. हा हिशेब गावाने माझ्याआधी केला.

आजोबांचं तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं जाळं टाकायचा हुकूम त्यांचाच. पुढच्या हंगामाबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत, म्हणून यंदा त्यांनी जाळं स्वतः विणून नीट केलं (काही गाठी सैल होत्या, त्या मी गुपचूप पुन्हा मारल्या). शनिवारच्या बैठकीत गावप्रमुख चिडले होते. "पोरगी साहेबांना घाबरते," एक जण म्हणाला. आजोबा काठी आपटून म्हणाले, "तिचं नाक माझ्यावर गेलंय. ती थांबा म्हणते, तर थांबायचं." मग त्यांनी जाळ्यावर नारळाची झावळी बांधली. आता त्याला कुणी हात लावणार नाही. माझ्या छापील फलकाला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

तुझी,
मोएलागी

ता. क. मला वास येत नाही. सहा आठवडे तेलकट वाळूचे नमुने गोळा केले, त्यात गेला असावा. बाराही बरण्या माझ्या लेखी कोमट पाणी होत्या. आज खात्याला तसं कळवलं. ते म्हणाले, दुसरं नाक आणा. तू हाच अभ्यासक्रम केला आहेस. शुक्रवारच्या विमानाने ये. शनिवारी चाचणी झाली तर मासे अजून चार दिवस असतील. फोनवर सांगितलं नाही, कारण शेजारच्या चटईवर फेतुई आत्या असते; हे पत्र उद्याच्या विमानाने निघेल.

आणखी एक. आजोबांना मी हे सांगितलेलं नाही. तीन दिवसांपूर्वी मी जेवत असताना ते शेजारी होडीचं इंजिन पुसत बसले होते. चिंधी त्यांनी माझ्या ताटाला लागून ठेवली. मी अळकुड्या संपवल्या. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, चिंधी उचलली आणि बाहेर गेले. आज ती मला पायरीखाली सापडली. रॉकेलने चिंब आहे, असं फेतुई आत्या नाक धरून म्हणाली.

तारखा मी दोनदा तपासल्या. चिंधी शुक्रवारी, बैठक शनिवारी.