हात घालण्याआधी

आबा, आज सकाळी चहात साखर नव्हती, आणि या घोर अन्यायाची दाद मागायला मला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. सरकारदरबारी जावं तर अर्ज उर्दूत लिहावा लागतो, आणि उर्दूत माझा राग फार अदबीचा होतो. बायकोकडे जावं, तर साखर विसरली तीच. दुसरा कुणी असता तर एवढ्या कारणावर त्यानं पाऊण तास सुखानं गल्ली डोक्यावर घेतली असती. मला ते सुख नाही. मी एकच वाक्य बोललो, "साखर माहेरी पाठवली का?" आणि पुढचं तोंडात येतंय तोवर आतून तुमचा आवाज आला, "काय चालू हाय रे आत?" झालं. राग तिथंच बसला. लोकांचे वडील शेत ठेवून जातात, घर ठेवून जातात. तुम्ही हा पहारेकरी ठेवून गेलात, आणि अठरा वर्षांत त्यानं एक दिवस रजा घेतलेली नाही.

तुम्ही नव्या जालन्यातल्या जिनिंगवर कापसाचे पारखी. गाड्या यायच्या, ढीग पडायचा, आणि तुमच्या चिमटीत धागा किती लांब भरतो त्यावर माल अव्वल की दुय्यम ते ठरायचं. बाकीचे पारखी ढिगात सरळ हात घालत. तुम्ही हात धुऊन, कोरडे करून, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहात. मी विशीत तुमच्या हाताखाली आलो तेव्हा विचारलं होतं, कोणत्या देवाचं नाव घेता? "देवाचं न्हाई. आज मी कसा हाय ते बघून राह्यलो. रागात धागा आखूड लागतो, खुशीत लांब. उपाशीपोटी तर सगळाच माल सडका. धागा तोच राहतो, हात बदलतो." त्याच आठवड्यात मी एका ढिगाला दुय्यम म्हणालो, तर तुम्ही कापसाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "घरून भांडून आल्तास का?" आल्तोच. आईशी. "मंग हे भांडण बोलून राह्यलं, कापूस न्हाई. पुन्हा बघ." पुन्हा बघितला. अव्वल होता. चारचौघांत कान लाल झाले होते ते अजून आठवतात.

आणि तो शेठ. मोंढ्यातला आडत्या. गाड्या घेऊन आला आणि रांग मोडून पुढं घुसला म्हणून तुमच्याशी त्याची बोलाचाली झाली. तुम्ही हात धुतले, डोळे मिटले, आणि म्हणालात, "आज मी तापलोय शेठ, तुमच्या मालावर अन्याय होईल. उद्या या." तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पारखी हाय का नवरदेव, रुसून बसायला?" हमाल हसले, गाडीवान हसले. तुम्ही पंचा खांद्यावर टाकून निघून गेलात. त्यानंतर मरेपर्यंत मोंढ्यात तुमचं नाव नवरदेव.

काल इतक्या वर्षांनी त्याच शेठच्या गाड्या पुन्हा आपल्या जिनिंगवर आल्या, आणि पारखी मी. मी दुय्यम म्हटलं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. मी हात धुतले, डोळे मिटले, आत शांत आहे अशी स्वतःची खात्री पटवली आणि हात घातला. धागा आखूड लागला. दुय्यम हा शब्द जिभेवर आला, आणि तो गोड लागला. आबा, इतक्या वर्षांत कापसाची प्रत सांगताना माझं तोंड कधी गोड झालेलं नाही. मी हात काढला.

"शेठ, जरा दम धरा. तुमचा माल वाईट निघावा असं मला वाटून राह्यलंय."

शेठ म्हणाला, "मंग दुसरा पारखी बोलवा."

"हाच बरा हाय. थंड होऊ द्या त्याला."

मी पोत्यावर बसून राहिलो. ती इच्छा काही गेली नाही, खोटं कशाला सांगू. पण ती कुठं बसलीय हे दिसायला लागलं, आणि जे दिसतं ते ओलांडून जाता येतं. उठलो, चिमूट भरली, ओढली. धागा लांब, रेशमासारखा. "अव्वल," मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की पलीकडचे बैल दचकले. तुमच्या नियमात एक दुरुस्ती करून घ्या: खुशीतही धागा आखूड लागतो, खुशी सुडाची असली की. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला कळलं. काल मी मोंढ्याचा राजा होतो.

शेठ जवळ आला. "दुय्यम म्हणला असतात तर मी काय करणार होतो?"

"काहीच न्हाई."

"ही तऱ्हा कुठं शिकलात?"

आणि मी छाती काढून म्हणालो, "आपलीच हाय."

आज सकाळच्या रागाखाली हे खोटं सापडलं. साखरेचा त्यात काही संबंध नव्हता. दुपारी शेठच्या दुकानी गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "काल खोटं बोललो. ती तऱ्हा माझ्या वडिलांची."

त्यानं माझा चेहरा निरखला. "ज्यांना मी नवरदेव म्हणलो, ते?"

"तेच."

त्यानं पगडी नीट केली आणि गादीवरून उठून उभा राहिला. दुकानात गिऱ्हाईक होतं, मुनीम होता, सगळ्यांदेखत. म्हातारा माणूस, गुडघे धरून उठला. तुमच्यासाठी, आबा.

हे पत्र टपालात टाकण्यासारखं नाही, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिलीय. त्या दिवशी हमाल हसले, गाडीवान हसले, आणि मीही हसलो. तुम्ही पंचा खांद्यावर टाकताना माझ्याकडे बघितलं होतं.

संध्याकाळचा चहा मी केला. दोन्ही कपांत साखर घातली, आणि तिचा कप तिच्यासमोर ठेवून म्हणालो, सकाळचा राग तुझ्यावर नव्हता. ती म्हणाली, मला माहीत होतं.