फळ्यावरचा मिरचीचा भाव

१० जाने. ८९, धुळे
बँक परीक्षेच्या क्लासमध्ये सरांनी विचारलं, बँकेतच का जायचंय? मी खरं ते बोलून गेलो. दोंडाईच्याला आमच्या आजोबांचं, आबांचं, मिरचीचं दुकान, बाहेर फळा. आठव्या वर्षापासून भाव मी लिहायचो, आणि तो का चढला, का पडला हे कळेपर्यंत जेवण गोड लागायचं नाही. सर खूश. म्हणाले, मुलाखतीत हेच सांगायचं, सगळ्यांनी उतरवून घ्या. हसू आलं तेव्हा.

६ फेब्रु.
मुलाखती सुरू, जळगावला. आडनावांच्या क्रमानं. मी वाणी, म्हणजे परवा, शेवटी. पुढच्या वर्षी वय बाद.
अहिरे आनंदात परतला. "तुझीच गोष्ट सांगितली रे. साहेबांनी मान डोलावली." याचे वडील मास्तर! मी विचारलं, बँकेची खरंच आवड आहे का? म्हणे, एक तारखेच्या पगाराची आहे.

७ फेब्रु.
महाजन, नेरकर, पाटील. तिघांनीही आजोबा, फळा, खडू. नेरकरच्या वेळी साहेब हसले. पाटीलला म्हणाले, "तुमच्याही आजोबांचं मिरचीचंच का?"
उद्या मी खरं सांगितलं तरी चोर मीच. सरांकडे गेलो. ते म्हणाले, मग तू केळीची वखार सांग.

८ फेब्रु., जळगाव
प्रश्न आलाच. फळा सांगावा तर मी पाचवा.
"पगारासाठी, साहेब."
त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "नुसता पगार? आवड नाही?"
नाही म्हणालो. कागदावर काहीतरी लिहिलं त्यांनी. काय ते दिसलं नाही.

९ फेब्रु., दोंडाईचा
आबांनी दारातच धरलं. "काय इचारं तुले? आपला दुकाननी गोट सांगी ना?"
हो, दुकानाची गोष्ट सांगितली म्हणालो. दिवसभर ते गिऱ्हाइकांना सांगत होते. मी आत बसून राहिलो.

२० फेब्रु.
पत्र नाही. आज आबांनी खडू हातात दिला. भाव लिहिला, बराच चढलाय. आबा थांबून राहिले, मी कारण विचारीन म्हणून. माझं लक्ष पोस्टमनकडे. डोक्यात पगाराचा आकडा.
शेवटी त्यांनीच कारण विचारलं, "काब्रं चढना भाव, सांग."
माहीत नाही म्हणालो. जाणून घ्यावंसंही वाटलं नाही.
साहेबांना आवड नाही म्हणून सांगितलं ते खोटं होतं. खोटंच होतं. फार भीती वाटते. उद्याही भाव का चढला ते विचारावंसं वाटलं नाही तर…