सुलतानच्या अंगाचा वास

९ डिसें., मंगळ.
आमचा राखणीचा कुत्रा, सुलतान, सकाळी आला तो वास घेऊनच. बांधापल्याडच्या पडक्या विहिरीत उदमांजर राहतं, त्याच्या मागं गेला असणार. त्या उदानं शेपूट वर करून ह्याच्या तोंडावरच पिचकारी मारली. डोळे मिटलेले, तोंडाला फेस, नाक मातीत घासतोय. वास असा की भाकरी थापता थापता मला वकारी आली. जळक्या टायरावर नासका कांदा टाकल्यागत. न्हाई, त्याच्याहून वाईट.

रोजच्यावानी मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीत शिराया गेला अन् मेंढरं उधळली. जाळी दोन जागी फाटली. आमचे मालक वरडले, ‘‘भाईर हाणा त्याला!’’ धाकट्या भावजींनी काठी फेकली. बरोब्बर लागली. सुलतान पळाला न्हाई, उभा राहून बघत ऱ्हायला आमच्याकडं.

आत्या (सासू माझी) म्हणतात, ‘‘ते मसण्याउद हाय. मसणातलं उकरून खातं. कुत्र्यानं मसण आणलं घरात.’’
म्या म्हणलं, आत्या, घर कुठंय आपल्याला? सहा म्हयने मेंढरामागं, बिऱ्हाड घोड्यावरच तर हाय.
लई बोलती, म्हणाल्या.

निम्म्या मेंढ्या व्यायच्या ह्या म्हयन्यात. अन् वढ्याच्या वाळूत लांडग्याचा माग रोज. सुलतान जाळीच्या आत नसंल तर कोकरं राखायची कुणी? मालक राखणार? ते तर झोपले की मेलेच.

१० डिसें., बुध.
निरम्यानं धुतला. मग शिकेकाई. मग चुलीतली राख. भिजला की वास दुप्पट व्हतो, हे आता कळलं. माझ्याच लुगड्याला लागला. मालक म्हणतात, तू बी भाईरच झोप आज.
झोपते की, म्हणलं. सुलतान घोरत तरी न्हाई.

भावजींनी मेंढराच्या गोचिडाचं औषध काढलं लावायला. म्या बाटली हिसकावून घेतली. चाटंल तर मरंल ते, अक्कल हाय का? ते हसले. मला काय हसू आलं न्हाई.

११ गुरु.
कोकरू गेलं. पहाटं. काळ्या तोंडाच्या मेंढीचं, परवाच झालेलं.

आत्या लांडग्याचं नाव घेत न्हाईत, पावणा म्हणतात. पावणा आला तसा सुलतान जाळीकडं धावला. त्याच्या वासानं मेंढरं एका कोपऱ्यात दाटली, कोकरं मागं उघडी पडली, अन् पावण्यानं त्याच अंगानं हात मारला. म्हंजे राखणदारच चोराच्या कामी आला. लांडगं बी शाणं, तेवढंच बघत बसलं असंल.

भावजी तोंड धुवायच्या आधी सुरू. ‘‘वहिनी, एका कुत्र्यापायी कोकरं घालवायची का? येळवस झाली की बावीसच्या सोमवारी तळ हलवायचा, सास्तूरकडं. तवर मेंढरांनी त्याला आत घेतला तर नेऊ. न्हाईतर इथंच सोडायचा. मी मुरुमला सासऱ्याकडून दुसरं आणतो.’’

मालक काय बोलतील म्हणून बघितलं. तंबाखू मळत व्हते.

सुलतान डोळे उघडायच्या आधी आणलेला. आमच्यात कुत्र्याचं पिल्लू मेंढीलाच पाजवतात, म्हंजे ते मेंढरातलंच व्हतं. मेंढी लाथा झाडायची, म्या तिचे पाय धरून बसायचे. कोकरांत लोळून मोठा झाला. त्याला वाटतं आपुन मेंढरूच हाय, दात जरा मोठे इतकंच. आता त्याला काय सांगू, तुला काढलं म्हणून?

आज जाळीच्या भाईर पडलाय, पायावर तोंड ठेवून. भाकरी टाकली. हुंगली, खाल्ली न्हाई.

१३ शनि.
लिहायला बसले की आत्या इचारतात, कुणाला चिठ्ठी धाडती गं? यमाला, म्हणलं. तुमचा नंबर इचारते.

रेखीचा फोन. (लातूरला नर्सिंग शिकती, लेक माझी.) सगळं सांगितलं. म्हणाली, ‘‘आई, परदेशात असलंच एक पिचकारी मारणारं जनावर असतंय, लोक कुत्री धुत्यात मग. मोबाईलवर इलाज हाय.’’ जखम धुवायचं ते फेस येणारं औषध, खायचा सोडा, भांड्याचा पातळ साबण. डोळ्यात जाऊ द्यायचं न्हाई. केलं की लगीच लावायचं.

मालकांना बेंबळीला पिटाळलं. औषधवाल्यानं इचारलं म्हणे, ‘‘एवढ्या बाटल्या? जखम कुठं झाली?’’
मालक म्हणले, ‘‘नाकाला. समद्यांच्या.’’

मी हसले आज. पयल्यांदाच ह्या आठवड्यात.

१४ रवि.
फजिती.

पाणी बोअरवर, बोअर लांब. म्हणलं इथंच सगळं कालवून न्यावं, तिथं नुसतं ओतायचं. थंड पेयाची मोठी रिकामी बाटली व्हती. तिच्यात तिन्ही जिनसा ओतल्या, झाकण घट्ट लावलं अन् ताकावानी घुसळलं. तेलाला, ताकाला, समद्याला झाकण घट्टच लावायची सवय, वाटंत सांडू ने म्हणून. बाटली घोड्यावर घोंगड्यात खोवली. निघाले.

बाभळीपाशी धाडकन फुटली. घोडं उधळलं ते हांतरुणं पांघरुणं घेऊन दुसऱ्याच्या हरभऱ्यात. मेंढरं तिकडं, कोकरं इकडं. आत्या जिमिनीवर आडव्या, ‘‘गोळी घातली गं मला!’’ फेस घोड्याच्या कानापर्यंत. हरभरेवाला काठी घेऊन आला, अन् घोड्याचं ध्यान बघून काठीच इसरला.

रेखीला फोन लावला. ‘‘आई, केलं की लगीच लावायचं, म्हणलं नव्हतं का मी?’’
‘‘झाकण लावू नको म्हणून कुठं म्हणलीस?’’
‘‘बाटलीत भरशील हे मला काय माहीत!’’
बरं, गप, म्हणलं.

राहिलेल्या औषधात परत केलं, उघड्या घमेल्यात. बोअरवर नेऊन चोळलं, डोळे माझ्या हातानं झाकून. सुलताननं हूं का चूं केलं न्हाई. कापत व्हता. परत चोळलं, परत धुतलं. हात माझे पांढरे पडले.

संध्याकाळी आत्यांनी सोता जाऊन हुंगला. ‘‘आला माणसात,’’ म्हणाल्या. वास गेला! मानंपाशी जरा हाय, पर नाक खुपसलं तरच.

उद्या आत सोडते.

१५ सोम.
न्हाई घेतला.

जाळीचं तोंड उघडलं, सुलतान शेपूट हालवत आत गेला. मेंढरं परत त्या टोकाला. एक म्हातारी मेंढी म्होरं आली, मान लांब केली, हुंगलं, अन् पाय आपटला. परक्या कुत्र्याला आपटत्यात तसा.

दिवसभर डोकं चालंना. दुपारी कळलं. उदाचा वास गेला, पर त्याच्यासंगट सुलतानचा बी गेला. आता त्याला साबणाचा वास. मेंढरू डोळ्यानं वळखत न्हाई, नाकानं वळखतं. आई सोताचं कोकरू बी हुंगल्याबिगर पाजत न्हाई, मग हे तर कुत्रं.

म्याच घासून घासून काढला त्याला त्याच्यातनं.

१७ बुध.
भावजी काल मुरुमहून कुत्रं घेऊन आले. नाव टायगर. साखळीला बांधलंय. मालकावर भुकतं, घोड्यावर भुकतं, चुलीवर भुकतं. रातच्याला पावणा वढ्यात वरडला तवा मातर गप.
भावजी म्हणतात, नवीन हाय, रुळंल.
म्या म्हणलं, तवर कोकरं रुळतील का पावण्याच्या पोटात?

रातच्या थंडीनं बांडीचं कोकरू मेलं. बांडी म्हंजे ठिपक्याच्या तोंडाची मेंढी. सकाळपास्नं त्याच्याभवती वरडती. दुसऱ्या एका मेंढीला जुळं झालंय अन् तिला दूध न्हाई. मग मालकांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोलून जुळ्यातल्या एकाच्या अंगावर बांधलं, अंगड्यावानी. बांडीनं हुंगलं, वरडली, परत हुंगलं. दुपारपर्यंत पाजाया लागली. हे म्या किती वेळा बघितलंय. दर साली बघते. आज मातर बघतच बसले. मालक म्हणले, काय झालं गं तुला?
काय न्हाई.

१९ शुक्र., येळवस (रानपूजेची अवस).
आमचा तळ हाय त्या शेताची मालकीण कमलताई, तिची पोरं, सुना, समदी गाडीत बसून आली. ज्वारीच्या कडंला कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, केली, पूजा केली. आमाला जेवाया बोलावलं. भज्जी, उंडे, बाजरीची भाकर, आंबील. आंबील झकास आंबलेली. पोटभर प्याले. भांडण करायला ताकद लागती.

कमलताईनं सुलतानच्या मानंवरनं हात फिरवला. ‘‘काय सुवासिक कुत्रं हाय हो! आमच्या रानातल्या आखाड्यावर राखणीला कुत्रं पायजेच झालंय. सोडणार म्हणून तुमचे भावजी म्हणत व्हते, ठेवा की आमच्याकडं. दोन टाईम भाकर, दूध. रानात वणवण न्हाई.’’

वाईट बाई न्हाई ती. म्हणूनच राग आला. वाईट असती तर सोपं व्हतं.

म्या म्हणलं, सोमवार यायचा हाय अजून.
भावजी पुटपुटले, हिला देव बी समजावू शकायचा न्हाई. आत्या म्हणाल्या, ‘‘समजावू बी नका. मला बी जमलं न्हाई.’’

दिसाउजेडीच सुलतानला म्या आंबील पाजली माझ्या वाटीतली. मिटक्या मारून प्याला. तिकडं कुणी बघितलं न्हाई.

२० शनि.
बांडी आता जुळ्याला तशीच पाजती, कातड्याची गरज सरली. मालक ते सोडून वढ्यात फेकाया चालले व्हते. म्या अडवलं. द्या इकडं.
‘‘कशाला?’’
‘‘द्या म्हणते ना.’’

लई घाण झालेलं. कडक, दुधाळ, लेंड्यांत लोळलेलं. तसंच पायजे व्हतं. सुतळीनं सुलतानच्या पाठीवर बांधलं. पुरंना, पाठीच्या मधोमध टोपीवानी बसलं. वरनं वाघरीतली वली माती अन् लेंड्या घेऊन पाय, पोट, मान, समदं चोळलं. आठवडाभर धुतला अन् आज माखला.

भावजी हसून हसून खाली बसले. ‘‘वहिनी, नवरदेव कुठला?’’ टायगर भुकला. आत्यांनी पदर तोंडाला लावला, पर पदराआड त्या बी हसत व्हत्या.
हसा. तुमचं दात कुणी मोजंना.

सुलतानला जाळीच्या तोंडाशी बांधला. वारं त्याचा वास घेऊन मेंढरांकडं जाईल असा. एवढंच जमलं.

मधल्या वक्तात त्यानं कातड्याचा एक कान खाऊन टाकला. गाढवा!

२१ रवि.
सकाळी बांडी जाळीपाशी आली. जुळं मागं. हुंगलं. पाय आपटला न्हाई. मान मागं घेतली, परत म्होरं केली. सुलतान हालला न्हाई, शहाण्यावानी पडून.
तेवढ्यात टायगरनं साखळी वाजवली, सगळी परत पांगली.
टायगरला शिवी दिली. ती लिहीत न्हाई.

दुपारी परत. ह्या खेपंला चार-पाच मेंढ्या. जवळ न्हाई, पर पळाल्या बी न्हाईत. चरत चरत त्याच्या अंगानं गेल्या, कान वळवून.
मालकांना दावलं. जवळ जाऊन वाकून बघितलं. मग म्हणले, ‘‘पाठीवरची गाठ सैल कर, काचतीया त्याला.’’ बस्, एवढंच. पर म्हणले.

भावजींना बोलावलं. ‘‘चार-पाच म्हंजे कळप न्हाई, वहिनी. वाटंत उधळली तर डांबरी हाय, गाड्या हायत. मेंढरं मरतील, माणसं मरतील. मग मला म्हणू नका.’’
खोटं न्हाई ते. तोंडावर तसं बोलले न्हाई मी, पर खोटं न्हाई.

रेखीला इचारलं, आता तुझ्या मोबाईलात बघ, कुत्र्याला मेंढराचा वास लावायचा कसा. म्हणाली, ‘‘आई, असलं कुणीच इचारलेलं न्हाई गं.’’

२२ सोम.
घोडं लादून झालं. दोन वळी लिहिते, मग वही घोंगड्यात.

हांतरुणं, भांडी, कोंबड्या, वरती दोन ल्हान कोकरं. टायगर साखळीनं घोड्याला बांधलाय. सुलतान मोकळा. जाळीच्या तोंडाम्होरं, वाटंतच बसलाय. कातडं सकाळी काढलं, आता त्याचं तोच.

भावजींनी जाळी उघडली. रोज दगडावर पाणी सांडावं तशी मेंढरं भाईर पडत्यात. आज न्हाई. तोंडाशी येऊन थांबली. म्होरं बांडी. मागनं ढकलाढकल, म्होरं पाय रवलेले. समद्यांची नाकं सुलतानकडं. त्यानं उठून अंग झाडलं, दोन पावलं म्होरं चालला सास्तूरच्या वाटंनं, अन् मान वळवून बघाया लागला. रोज असाच बघतो. चला की, म्हणल्यागत.

कमलताई सुलतानला न्यायला दावं घेऊन बांधावर आलीया. तिची सून फटफटीवर बसून वाट बघती.

भावजी म्हणतात, ‘‘वहिनी, ऊन झालं. आता किती वेळ?’’

म्या म्हणलं, मेंढरं ठरवतील तवर. उभं ऱ्हावा.